लिंबॉने श्रोते घडवले की श्रोत्यांनी लिंबॉ?

कोलंबसकर
२००५ साली अमेरिकेत ओहायोत आलो तेव्हा जुन्या गाडीच्या प्लेअरमध्ये सीडी अडकलेली, एफएम धड लागायचं नाही. उरलं एएम. दुपारी गाडीत बसून डबा खाताना रश लिंबॉ लागायचा, कट्टर उजव्या मतांचा रेडिओवाला. बारा ते तीन, सोमवार ते शुक्रवार. पाहुणे क्वचितच. एकटा माणूस, मधेच कागदांची सळसळ आणि स्वतःची अखंड फुशारकी. मत एकही पटलं नाही, पण डबा संपला तरी दहा मिनिटं बसून राहायचो.

म्हणून म्हणतो, हे रेडिओवाले लोकांची मतं बनवतात हे जरा फुगवून सांगितलं जातं. २००८ च्या प्रायमरीत (पक्षाचा अध्यक्षीय उमेदवार ठरवणारी निवडणूक) लिंबॉ आणि त्याच्याच पठडीतला शॉन हॅनिटी दोघेही रिपब्लिकन मॅकेनच्या मागे हात धुऊन लागले होते. उमेदवारी कोणाला मिळाली? मॅकेनलाच. ऐकणारा आपली मतं घेऊनच येतो, त्याला फक्त सोबत हवी असते.

आडवाट
साफ असहमत. निवडून आणणं वेगळं आणि अडवणं वेगळं. २००७ चं इमिग्रेशन विधेयक आठवा. रिपब्लिकन अध्यक्ष बुश पाठीशी, सिनेटमध्ये दोन्ही पक्षांचे लोक सोबत. रेडिओवाल्यांनी महिनाभर रान उठवलं, जूनमध्ये मतदानाच्या दिवशी लोकांच्या फोनांच्या माऱ्याने सिनेटचे फोन बंद पडले आणि विधेयक पडलं. 'टॉक रेडिओ देश चालवतोय' ही तक्रार तेव्हा ट्रेंट लॉट यांनी केली होती, म्हणजे खुद्द रिपब्लिकन नेत्याने! आणि १९९४ ला ४० वर्षांनी हाउस (संसदेचं कनिष्ठ सभागृह) हाती आल्यावर नव्या रिपब्लिकन सदस्यांनी लिंबॉला मानद सदस्य केलं, ते काय सोबत दिली म्हणून?

खरखर
दोघेही माणसातच अडकलात. आधी धंदा बघा. गाणी एफएमवर गेली, एएम स्टेशनं ओस पडली. १९४९ पासूनचा फेअरनेस डॉक्ट्रिन (वादाच्या विषयावर दुसरी बाजूही मांडा, हा नियम) १९८७ ला रद्द झाला आणि १ ऑगस्ट १९८८ ला लिंबॉ देशभर सुरू. स्टेशनला कार्यक्रम जवळपास फुकट, मोबदल्यात जाहिरातींची थोडी वेळ द्यायची. कोण नाही म्हणेल? पुढे १९९६ च्या कायद्याने देशभरात किती स्टेशनं घ्यावीत याची मर्यादाच गेली. क्लिअर चॅनल या एकाच कंपनीकडे १,२०० च्या वर स्टेशनं झाली. गावोगावी तोच आवाज. याला लोकप्रियता म्हणायचं की दुकानात एकच साबण ठेवणं?

आडवाट
साबणाचं उदाहरण झकास, पण मग डाव्यांचा साबण का खपला नाही? डाव्यांचं रेडिओ नेटवर्क एअर अमेरिका २००४ ला सुरू, विनोदवीर अल फ्रँकनसारखं नाव, २०१० ला गाशा गुंडाळला.

खरखर
अहो, त्यांना मिळाली ती बरीचशी किरकोळ ताकदीची स्टेशनं. शिवाय त्यांचा श्रोता आधीच एनपीआरला (तिथला सार्वजनिक रेडिओ) बांधलेला. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर लिंबॉ आधी करमणूक करायचा, मग राजकारण. एअर अमेरिकावाले आधी राजकारण करायला बसले.

पुणेरी पाटी
तुमचं चालू द्या. आमच्याकडे खासगी एफएमला स्वतःची बातमी देता येत नाही, आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी लावायची. आमचा आरजे खड्ड्यांवर विनोद करतो, तेवढंच राजकारण.

दुपारची झोप
@पुणेरी पाटी, बरंय तेच. रोज तीन तास कुणी कानाशी एकच पक्ष धरून बसलं असतं तर माझ्या सासऱ्यांशी बोलणं अशक्य झालं असतं. आत्ताच कठीण आहे.

कोलंबसकर
खरखर, धंद्याचा मुद्दा मान्य. गाडीत दुसरं काही लागत नव्हतं, हे मीच वर लिहिलंय.

आडवाट, तुमच्या २००७ ने मात्र पंचाईत केली. त्या जूनमध्येही मी रोज ऐकत होतो. तेव्हा मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत. त्या विधेयकात नोकरीवाल्या ग्रीन कार्डांसाठी गुणांची पद्धत येणार होती, म्हणजे माझ्याच रांगेचा निकाल त्यात लागणार होता. लिंबॉ 'फोन करा' म्हणून लोकांना पेटवत होता आणि मी शांतपणे पोळीभाजी खात होतो.

फोन मी केला नाही. मला तर मतही नव्हतं.