सांगलीतील नियोजित पेट्रोल पंप: पर्यावरणाचा विचार आराखड्यात कसा करावा?

प्रश्न
तासगाव रस्त्यालगत आमच्या जागेवर पेट्रोल पंपाचा आराखडा सुरू आहे. छतावर सौर पॅनेल बसवणारच आहोत. परंतु पावसाचे पाणी आणि आसपासच्या गावकऱ्यांची सोय यांबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

कृष्णाकाठ
सौर पॅनेल नंतरही बसवता येतात, जमिनीखालची चूक मात्र फरशी फोडल्याशिवाय दुरुस्त होत नाही. टाक्या दुहेरी भिंतीच्या घ्याव्यात. आणि २०१९ व २०२१ चे पूर पाहता, भूजल वर आल्यावर रिकामी टाकी उचलली जाऊ नये म्हणून त्या काँक्रीटच्या पायाला पट्ट्यांनी जखडाव्यात. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये पाणी शिरले, तर इथेनॉल पाण्यासह वेगळे होऊन तळाशी बसते, म्हणून टाकीत पाणी शिरणार नाही हेही पाहावे.

माणदेशी
छताचे आणि फरशीवरचे पाणी एकत्र करू नये. २०० चौरस मीटर छतावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला, तर जास्तीत जास्त एक लाख लिटर पाणी मिळते. फरशीवरचे तेलकट पाणी तेल वेगळे करणाऱ्या विभाजकातूनच बाहेर सोडावे, शोषखड्ड्यात मुळीच नको.

मिरजकर
पिण्याचे पाणी आणि मोफत हवा पंपावर अपेक्षितच असते. खरी उणीव असते ती रात्री उजेड असलेल्या, आतून कडी लागणाऱ्या महिला स्वच्छतागृहाची आणि गळीत हंगामात उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली सहज वळेल एवढ्या जागेची.