मदत हवी आहे: ढोलपथकाच्या सरावात नव्या वादकांसाठी खेळ सुचवा

नमस्कार मंडळी,

आमचं पथक पुण्यात नदीपात्रालगत, म्हात्रे पूल ते राजाराम पूल या पट्ट्यात सराव करतं. वाद्यपूजन झालं, शेड उभी राहिली आणि यंदा नव्या वादकांची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली. हात बसवून घेणं जमतंय. अडलंय ते मधल्या वेळच्या दंग्यापाशी.

आमच्याकडे एक खेळ पूर्वापार चालत आलाय. ताशाने खूण दिली की सगळे ढोल एकदम बंद. ज्याचा ठोका मागे राहील तो 'शेपूट'. शेपटाने रात्री सगळ्यांचे ढोल आत लावायचे आणि चहा पाजायचा. मजा येते, नाही म्हणत नाही. पण शेपूट होतं कोण? दरवेळी नवंच कुणीतरी. आता एक मुलगी शेवटच्या आवर्तनात टिपरू (ढोल वाजवायची काठी) पानापर्यंत, म्हणजे ढोलाच्या वाजवायच्या पृष्ठभागापर्यंत नेते आणि हवेतच थांबवते. लांबून बघाल तर हात झकास चाललाय, आवाज शून्य! तिचं बघून आणखी दोघं तेच करायला लागलेत. म्हणजे चूक सुधारायला काढलेला खेळ चूक लपवायला शिकवतोय.

जुने दादा म्हणतात, आम्हीही शेपूट होतोच की, परंपरा आहे. मोडायची माझीही इच्छा नाही. काय करू?

दुसरं, पाऊस आला की ढोल ताडपत्रीखाली जातात आणि निम्मी मंडळी मोबाईलमध्ये. तेव्हा वाद्यांशिवाय खेळता येईल असं काही आहे का?

जुना ताशेवाला: शेपूट ठेवा, फक्त शिक्षा फिरवा. प्रत्येक नव्यामागे एक जुना जोडून द्या. नव्याचा ठोका मागे राहिला तर ढोल जुन्याने उचलायचे. दादा लोक आपोआप शिकवायला लागतील. पावसात 'मुका हात' खेळा: मांडीवर आठ मात्रा वाजवायच्या, आठ मनात मोजायच्या आणि समेवर, म्हणजे पुढच्या पहिल्या मात्रेवर, सगळ्यांची एकच टाळी. मनातल्या आठ मात्रांत जो तो पळतो, तिथेच खरी लय कळते.

झांजवाली: मला तर शिक्षाच नको वाटते. ज्याला भीती वाटते त्याला चार दिवस झांज द्या. पायांत लय आली की हातात येते. ज्ञान प्रबोधिनीच्या पथकांत बरच्या (हातात काठ्या घेऊन ठेक्यावर नाच) खेळतात ते बघा, सगळं अंग ठेक्यात असतं. आणि पाऊस आला म्हणून पत्र्याखाली ताशे वाजवत बसू नका, कानांचं वाटोळं होतं.

धागाकर्ती: दोघांचेही आभार. जोड्यांची कल्पना आज मांडली. एक दादा लगेच म्हणाले, "मग मला हुशार पोरगा द्या!" त्यामुळे जोड्या चिठ्ठ्या टाकून लावणार आहे. झांजेचं त्या मुलीला विचारते, तिची इच्छा असेल तरच. मुका हात आमच्या शेडला उत्तमच, रात्री दहानंतरही कुणी तक्रार करणार नाही.

ताशेवाले दादा, एक शंका: मनातल्या आठ मात्रा चालू असताना टोल (ठेका धरणारी घंटा) वाजता ठेवायचा, की तोही बंद? नव्यांना पहिल्या दिवशी काहीच आधार नसेल तर टाळ्यांचा पाऊस पडेल असं वाटतंय.