'सर्व्हे पॉइंट लेबल': नामपट्टी, चिठ्ठी की लेबलच?

प्रश्न: पदविकेच्या विद्यार्थ्यांसाठी सिव्हिल थ्रीडी या स्थापत्य आराखड्यांच्या संगणकप्रणालीची टिपणे मराठीत लिहीत आहे. 'सर्व्हे पॉइंट लेबल'ला, म्हणजे नकाशात मोजलेल्या बिंदूशेजारी दिसणाऱ्या मजकुराला, मी 'सर्वेक्षण बिंदू नामपट्टी' असा शब्द योजला. पण तो दारावरच्या पाटीसारखा वाटतो. 'एलिव्हेशन'साठी 'उंची' आणि 'पॉइंट ग्रुप'साठी 'बिंदू गट' हे शब्द तरी चालतील का?

उत्तर: 'नामपट्टी' खटकते ते योग्यच आहे. पाटी एकदा रंगवून ठोकली की तिच्यावरचा मजकूर कायमचा होतो. इथे मात्र मजकूर आपण लिहीतच नाही, तो बिंदूच्या नोंदीतून येतो. टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्रातून उतरवलेल्या फाइलीत बहुधा क्रमांक, नॉर्दिंग (उत्तरेकडचे अंतर), ईस्टिंग (पूर्वेकडचे अंतर), पातळी आणि वर्णन एवढेच असते, आणि त्यांतले काय दाखवायचे, बिंदूच्या कोणत्या बाजूला आणि दशांश चिन्हापुढे किती अंकांपर्यंत, हे लेबल स्टाइल ठरवते. स्टाइल बदलून '५६२.३८७'च्या जागी '५६२.३९' दिसू लागले, तरी नोंदीतला आकडा जसाच्या तसा राहतो. हा भेद 'चिठ्ठी'तही उमटत नाही. म्हणून 'लेबल' तसेच ठेवावे आणि स्टाइलला 'लेबलची मांडणी' म्हणावे. 'सर्वेक्षण' म्हटले की जनमताची पाहणीही डोळ्यांपुढे येते. जमिनीच्या संदर्भात 'मोजणी' हा रुळलेला शब्द असताना तो का सोडावा?

'उंची' मात्र टाळावी. पुण्याच्या नकाशात आंब्याच्या खुणेशेजारी 'उंची ५६२.३९' असे छापले, तर नवखा विद्यार्थी ती झाडाचीच उंची समजेल. समुद्रसपाटीपासून मोजलेला तो आकडा जमिनीची पातळी आहे. साइटवरही 'लेव्हल' किंवा 'आरएल' (रिड्यूस्ड लेव्हल) असेच म्हणतात.

'गट' हा शब्द तर महाराष्ट्रात धोक्याचा आहे. १९४७च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्याखाली जिथे जमिनींचे एकत्रीकरण झाले, तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. त्यामुळे नकाशावर 'गट १२' दिसले की वाचणारा सातबारा आठवतो. 'बिंदूसमूह' लिहावे. एकच बिंदू दोन समूहांत असेल, तर यादीत वर असलेल्या समूहाची मांडणी लागू होते, हेही टिपणात असू द्यावे. 'लेबल बदलतच नाही' ही तक्रार पुष्कळदा तिथूनच उगवते.

प्रश्न: आणि 'रॉ डिस्क्रिप्शन', 'फुल डिस्क्रिप्शन'?

उत्तर: 'मूळ वर्णन' आणि 'पूर्ण वर्णन'. मोजणीदार यंत्रावर रोमी लिपीत 'झाड आंबा' असे टंकतो, ते मूळ. वर्णनकळीत (डिस्क्रिप्शन की, म्हणजे मूळ वर्णनावरून पूर्ण वर्णन घडवणारा नियम) डॉलर चिन्हापुढे आधी १ आणि मग पुन्हा डॉलर चिन्हापुढे ० घातला, की शब्दांची अदलाबदल होऊन 'आंबा झाड' असे पूर्ण वर्णन तयार होते. इंग्रजीत ही उलटापालट शोभते. मराठीला 'आंब्याचे झाड' हवे असते, आणि सामान्यरूप काही त्या कळीला साधत नाही. तेव्हा मूळ क्रमच ठेवावा.

पुरवणी: वर्णन देवनागरीत हवे असेल, तर मांडणीतला फॉन्टही बदलावा. सिम्प्लेक्ससारख्या रेखाफॉन्टांत देवनागरी अक्षरेच नसतात, त्यामुळे अचूक शब्दांच्या जागीही प्रश्नचिन्हांची रांग दिसते. मंगलसारखा युनिकोड फॉन्ट लावला की मजकूर वाचता येतो.