खण : घराचा, टेबलाचा आणि चोळीचा

वाईहून प्रश्न

आजोबांचं जुनं घर टिकून राहावं म्हणून दोन वर्षांपासून खटपट चालू आहे. पहिल्याच दिवशी सुतारकाकांनी ओसरीत उभं राहून विचारलं, "घर किती खणी?" मला उत्तर देता आलं नाही. खण म्हणजे माझ्या डोक्यात एक तर आजोबांच्या शिसवी टेबलाचा, ज्यात त्यांचा चष्मा आणि दौत अजून तशीच आहे. नाही तर आईने ओटी भरताना नारळासोबत दिलेला. काका म्हणाले, "दोन खांबांमधली जागा तो खण. तुमची ओसरी पाच खणी." मी फूटपट्टीने मोजलं, आमचा एक खण साडेपाच फुटांचा भरला.

माझा प्रश्न असा, की हे तिन्ही खण एकच का? आणि तुमच्याकडच्या जुन्या घरांत हा शब्द अजून बोलला जातो का?

सदाशिव पेठेतून

माझ्या मते एकच. दोन बाजूंनी आखलेली, मापाची जागा म्हणजे खण. टेबलात फळ्यांनी आखलेली, घरात खांबांनी आखलेली. चोळीचा खण म्हणजे एका चोळीपुरतं मापाने काढलेलं कापड. घराची लांबी फुटांत न सांगता खणांत सांगायचे, कारण लाकूड त्या मापाने यायचं. तुळई, म्हणजे खांबांवरचं मोठं आडवं लाकूड, किती लांब आणि तिच्यावरच्या बारीक कड्या किती लागतील, हे खण सांगितला की सुताराला कळायचं. जुन्या कागदांत 'पाच खणी दुघई सोपा' असं लिहिलेलं असतं, सोपा म्हणजे ओसरीच. त्यातली 'घई' विसरू नका. खण लांबीचा आणि घई रुंदीची: खांबांच्या ओळी आणि भिंत यांमधला पट्टा म्हणजे घई. असे दोन पट्टे असतील तर दुघई, तीन असतील तर तिघई. खण आणि घई असे दोन शब्द कळले की घराचा नकाशा न बघताही डोळ्यांसमोर येतो. विश्रामबाग वाड्यात जाल तेव्हा खांब मोजत चाला, मी काय म्हणतोय ते लगेच समजेल.

नागपूरहून

आमच्याकडे खण हा शब्द घरासाठी माझ्या पिढीत ऐकलेला नाही, कपाटाचा खण मात्र रोजचा. झोपाळ्याला आम्ही बंगई म्हणतो, तो शब्द पुण्यात कुणाला सांगितला तर परत विचारतात. कपाटावरून एक आठवलं. केदारनाथचे 'कपाट' उघडले अशी बातमी हिंदीत येते तेव्हा लहानपणी मला वाटायचं, देवाचं कपाट उघडलं. संस्कृतात कपाट म्हणजे दाराची फळी. मराठीत ते सामान ठेवायचं कसं झालं?

सदाशिव पेठेतून

माझा अंदाज असा, की जुन्या घरांत कपाट ही सुटी वस्तू नव्हती. भिंतीच्या जाडीत कोनाडा, त्याला दोन फळ्यांचं दार, म्हणजेच फडताळ. दाराचं नाव आतल्या जागेला चिकटलं असावं. आमच्या माजघरात अजून असं एक आहे, हाताला गार लागतं आणि आत लोणच्याच्या बरण्या राहतात.

मडगावहून

अलमारी हा शब्द पोर्तुगीज आर्मारिओवरून आला, आणि तुमची बिजागरीही पोर्तुगीज बिसाग्रावरून. जुन्या मोठ्या दाराला बिजागरी नसते, हे मात्र बघा. फळीलाच वर-खाली कुसू, म्हणजे पुढे आलेलं टोक, ठेवतात, ते चौकटीतल्या आणि उंबऱ्यातल्या खळग्यांत फिरतं. दार कुरकुरतं म्हणून कुणी त्याला बिजागऱ्या ठोकू लागला तर आधी तो खळगा साफ करून तेल घाला. आमच्याकडे मधल्या चौकाला राजांगण म्हणतात. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे असतात. त्यांतून येणारा उजेड दुधासारखा असतो, त्यामुळे आमच्या घरातली एकही खिडकी मी काचेची होऊ दिलेली नाही.

वाईहून

खूप आभार. आता एक दुसरा शब्द. या कामाला काय म्हणायचं? नातेवाईक नूतनीकरण म्हणतात, ते मला पटत नाही. नवं करायचं नाहीच. जीर्णोद्धार देवळाचा, बारवेचा होतो, स्वतःच्या घराला तो शब्द वापरताना जीभ अडते.

राजापूरहून

आमच्याकडे साधा शब्द आहे, डागडुजी. तांब्याच्या हंड्याला डाग देतात ना, तोच डाग मला त्यात ऐकू येतो. भांडं तेच, फुटलं तेवढंच सांधायचं. दर उन्हाळ्यात घर शाकारायचं, कौलं उतरवून, झाडून परत लावायची, फुटकी तेवढी बदलायची. या नेहमीच्या कामाला संवर्धन म्हणायची गरज आमच्या आजीला कधी पडली नाही.

सदाशिव पेठेतून

डागडुजी लहान कामाला ठीक. पण कोणता माल वापरायचा याचा विचार त्या शब्दात येत नाही, म्हणून मी 'जतन' म्हणेन. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, आणि भिंतीत गेलेलं तुळईचं टोक कुजतं. बाहेरून भिंत गुळगुळीत दिसते, म्हणून कुणाला कळतही नाही.

वाईहून

हे वाचून पोटात गोळा आला, कारण आमच्याकडे नेमकं हेच झालंय. पंधरा वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने मागची भिंत सिमेंटने लिंपली होती. या पावसाळ्याआधी सगळा गिलावा खरवडून काढला. तुळईचं टोक हाताने चुरडलं जात होतं. काकांनी कुजलेला दीड फूट कापला आणि जुन्याच सागाचा तुकडा कुसू पाडून बसवला. चुना घरीच विरवला, गिलाव्यात बेलफळाचा गर आणि गूळ घातला. तुळई वाचली.

आणि आता खणाची गोष्ट. आजोबांच्या ट्रंकेत मोडीतलं खरेदीखत होतं, ते एका जाणकारांकडून वाचून घेतलं. त्यात ओसरीचं वर्णन 'सहा खणी' आहे. आम्ही पाचच मोजले होते. काकांना सांगितलं तर ते उठले आणि ओसरीच्या टोकाची भिंत ठोकत गेले. एका जागी आवाज पोकळ आला. विटा काढल्या तेव्हा सहावा खण निघाला. कधीतरी अडगळीची खोली करण्यासाठी तो बंद केला असावा. आत एक खांब उथळ्यासकट, म्हणजे खालच्या दगडी बैठकीसकट, उभा आहे, बाकीचे पाच रंगाखाली गेलेत पण याचा सागाचा रंग तसाच आहे. शेजारी पत्र्याची पेटी आणि मोडका चौरंगही मिळाला.

या खांबाच्या डोक्यावर, तुळईच्या खाली, दोन्ही बाजूंना पसरलेला कोरीव लाकडी तुकडा आहे. केळफुलासारखी नक्षी आहे. काकांना त्याचं नाव आठवेना, त्यांचे वडील काहीतरी म्हणायचे एवढंच ते सांगतात. तुमच्याकडे त्याला काय म्हणतात?