आयो थंड का पडला नाही?

बरेच जण समजतात की जिवंत ज्वालामुखी फक्त पृथ्वीवर, बाकी उपग्रह म्हणजे थंड पडलेले दगड. आपल्या चंद्रापुरतं हे बरंचसं चालेल, पण गुरूच्या आयो या उपग्रहाला लावून पाहा. आकाराने तो चंद्रापेक्षा किंचितच मोठा (व्यास सुमारे ३६४० किमी), गुरूपासून अंतर ४.२२ लाख किमी, म्हणजे आपल्या चंद्राच्या अंतराहून थोडंसंच जास्त. फरक मालकात आहे! गुरूचं वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट.

तेवढ्यानेही भागत नाही. गॅनिमीड आणि युरोपा हे गुरूचेच आणखी दोन उपग्रह. गॅनिमीडची गुरूभोवती एक फेरी होईतो युरोपाच्या दोन आणि आयोच्या चार होतात. या ठेक्यातल्या ओढाताणीमुळे आयोची कक्षा कधी पूर्ण गोल होऊच शकत नाही. गुरू कधी जवळ, कधी लांब, म्हणून त्याची ओढ कधी जास्त, कधी कमी. त्यामुळे आयोचा घन पृष्ठभागसुद्धा दर पावणेदोन दिवसांत सुमारे १०० मीटर वर-खाली होतो. तार पुन्हापुन्हा वाकवली की तापते, तसा आतला खडक तापून वितळतो.

मार्च १९७९ मध्ये पील, कॅसन आणि रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञांनी हे गणित छापलं, आणि त्याच आठवड्यात नासाचं व्हॉयेजर-१ हे यान गुरूपाशी पोहोचलं. मोहिमेतल्या अभियंता लिंडा मोराबितो यानाच्या मार्गासाठी तारे शोधत होत्या, तर आयोच्या कडेला छत्रीसारखा अंधुक फवारा दिसला, अडीचशे किमीहून उंच. ज्वालामुखीतून उडालेला गंधकाचा फवारा!

युरोपाच्या बर्फाखालच्या समुद्राचीही ऊब बहुतेक अशीच टिकते.