सी ड्राइव्ह भरली, डी रिकामी: तुमचे अनुभव सांगा

सदाशिवपेठकर
काल आईच्या संगणकावर सी ड्राइव्हची पट्टी लाल झालेली दिसली आणि कॉलेजातला जुना डेस्कटॉप आठवला. दुकानदार सी, डी, ई असे भाग पाडूनच यंत्र देत आणि सी इतकी लहान ठेवत, की ती भरून जाई व डी रिकामी पडून राही. आईकडेही तेच झाले आहे. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये (डिस्कचे भाग लहान-मोठे करण्याचे साधन) डी लहान केली, तरी सीचा ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ (जागा वाढवण्याचा पर्याय) करडाच आहे, दाबता येत नाही. तुम्ही अशा वेळी काय केलेत?

कर्वेनगर_४११०५२
ताई, विंडोजचे हे साधन सीच्या लगेच उजवीकडची मोकळी जागाच जोडून घेते, आणि डी लहान केल्यावर जागा निघते ती डीच्या शेवटी. बाबांच्या लॅपटॉपवर मी पेनड्राइव्हवरून जीपार्टेड (डिस्कचे विभाग बदलण्याचे मोफत साधन) सुरू करून डी उजवीकडे सरकवली. विभागाची सुरुवात हलली की आतला सगळा डेटा नव्या जागी लिहावा लागतो, त्यामुळे ते काम रात्रभर चालले.

धायरीवाली
त्या रात्री वीज गेली असती तर? आम्ही यूपीएसशिवाय हात लावत नाही.

कर्वेनगर_४११०५२
लॅपटॉप चार्जरवर होता आणि बॅकअप आधीच घेतला होता. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे साधन) असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी.

औंधकर
डीमध्ये फारसे काही नसेल, तर सरकवण्याचा खटाटोप कशाला? मी मुलीचे फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवले, ते उघडतात याची खात्री केली आणि मग डी डिलीट केली. यंत्र जुने, एमबीआर पद्धतीचे (डिस्कवरच्या भागांची नोंद ठेवण्याची जुनी पद्धत) असल्यामुळे तिथे काळ्या पट्टीऐवजी फिकट हिरवी ‘फ्री स्पेस’ दिसू लागली. तीही डिलीट केल्यावर काळी ‘अनअलोकेटेड’ (कोणत्याच भागाला न दिलेली जागा) पट्टी आली आणि सी वाढवता आली.

धायरीवाली
आमचे उलटे होते. लिनक्ससाठी सी लहान करायची होती, पण भरपूर जागा रिकामी असूनही विंडोज थोडीशीच सोडत होते. हायबरनेशन (चालू काम डिस्कवर साठवून यंत्र बंद करण्याची सोय) आणि पेजफाइल (मेमरीला जोड म्हणून वापरली जाणारी डिस्कवरची फाइल) तात्पुरते बंद केल्यावर हवी तेवढी मिळाली.

सदाशिवपेठकर
औंधकर काका, हिरवी पट्टीच आहे! डीमध्ये भाचीच्या मुंजीचे फोटो आणि आईचे टॅली (हिशेबाचे सॉफ्टवेअर) आहे.

औंधकर
टॅलीचा डेटा फोल्डर आधी उतरवा. फोटोंच्या प्रती नातेवाइकांकडे तरी सापडतील.