गवा रेड्याचा भाऊ?

सत्तरीकर: कालच्या पोस्टमध्ये एकाने छाती ठोकून लिहिलं, ‘आपल्या गोव्याचा राज्यप्राणी गवा रेडा. नावातच रेडा, म्हणजे म्हशीचं रानटी भावंड.’ नावावर जायचं तर पाणघोडा घोड्याचा भाऊ झाला! त्याचा जवळचा नातलग देवमासा, आणि घोड्याचा गेंडा. गवा न् गाय एकाच ‘बॉस’ गटातले, म्हैस ‘बुबॅलस’. गुणसूत्रं मोजा: गाय ६०, आपला गवा ५८, म्हैस ५०.

काणकोणकर: म्हणजे गाईपासून दोन लांब, म्हशीपासून आठ. सहाच्या फरकावर सोयरीक जुळवलीत होय? गवा काळा, रेडा काळा. आमच्या आजोबांनी जन्मभर रेडे राखले, त्यांना कळत नव्हतं?

सत्तरीकर: रंगावर जायचं तर माझी छत्रीपण रेडाच. आकडे सोडा, संकर बघा. भूतानात मिथुन, म्हणजे गव्याचाच पाळीव वंश, गाईंवर सोडतात. वासरं होतात, नर वांझ, माद्या वितात. गाय-म्हशीचं असं एक पिल्लू दाखवा. २००१ साली अमेरिकेत क्लोन केलेला गव्याचा पाडा गाईच्याच पोटी जन्मला.

काणकोणकर: आणि दोन दिवसांत मेला. ते बरं गाळलंत.

सत्तरीकर: पोट बिघडून मेला हो, नात्याने नव्हे.

पोफळीबाय: तुमचं गोत्र चालू द्या. परवा पहाटे कुत्रं भुंकलं म्हणून टॉर्च मारला, तर कुळागरात, म्हणजे आमच्या पोफळीच्या बागेत, तीन गवे. काळं धूड, गुडघ्याखाली शाळेचे पांढरे मोजे चढवल्यासारखं. एकाने मान वर केली, फुस्स केलं आणि पुन्हा केळ चघळायला लागला. भरपाईसाठी कचेरीत फोटो दिला, तर म्हणे यात जनावर ओळखू येत नाही!

डिचोलीकर: डोंगर खाणींनी पोखरले, तो जाणार कुठे?

पोफळीबाय: तुमच्या बाल्कनीत घ्या की. पणजीतून गवा गोडच दिसतो.

डिचोलीकर: मी पणजीचा नव्हे. खाणीने आमची विहीर आटवली, उगाच डिवचू नका.

पोफळीबाय: मग खाणीचा वेगळा धागा काढा. माझी साठ पोफळीची रोपं गेलीत.

सत्तरीकर: बाय, अर्जात काय लिहिलंत? नुसतं ‘रेडा’ असेल तर शेजाऱ्याचा समजतील.

पोफळीबाय: ...‘रेड्यांनी नासधूस’ असंच लिहिलंय.

सत्तरीकर: घ्या!

काणकोणकर: बरं बाबा, गाईचा तर गाईचा. गवा चिखलात लोळताना मीही कधी पाहिला नाही. मग नीलगायही गायच ना?

सत्तरीकर: ती चौशिंग्याच्या घरातली. नावावर जाऊ नका, किती वेळा सांगू?

पोफळीबाय: परत आलेत. डबा बडवायला चालले.